चांगुणाचा अहंकार

"ते नाव उसव, चांगुणा. बाईमानसाला येवढा अहंकार बरा न्हाई!"

पुष्पावतीबाई आमच्या काष्टी गावच्या बचत गटाच्या अध्यक्ष, आणि चांगुणा माझी चुलती. गटाच्या गोधड्या उद्या नगरच्या प्रदर्शनात जाणार होत्या. काकीनं दोन महिने एकटीनं शिवलेल्या गोधडीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं स्वतःचं नाव होतं. अक्षरं मीच खडूनं काढून दिलेली, म्हणजे गुन्ह्यात मीही होते!

आमच्याकडे नाव भांड्यावर घालतात, तेही काकांचं, गोरक्षनाथ म्हणून. गोधडीवर कुणी घालत नाही. अर्ध्या गावाची बाळं काकीच्या दुपट्यांत वाढली. लोक म्हणतात, "गोरक्षनाथच्या मंडळींनी शिवलंय." झालं!

मला राहवेना. "अहंकार म्हणजे काही नुसता माज नाही! शाळेतल्या भार्गवी मॅडमनी सांगितलंय. सांख्य शास्त्रात बुद्धीनंतर अहंकारच येतो. 'हे मी करते' असं ओळखणारं जे आत असतं ना, ते. त्याची शिवी मागाहून झाली."

"शाळंत ह्येच शिकवत्यात व्हय गं, संस्कृती?" पुष्पावतीबाईंनी माझं नाव घेऊन विचारलं. "संतांनी अहंकार सोडाया सांगितलाय."

"ज्याच्याजवळ आहे त्यानं सोडावा की! काकीला मिळाला कधी होता?"

पुष्पावतीबाई लालबुंद झाल्या. "चांगुणा, ह्या पोरीला आवर. आन् नाव उसव, न्हाईतर तुजी गोधडी जानार न्हाई. तू बी येऊ नको."

काकी आजवर कुठल्या प्रदर्शनाला गेली नव्हती. उद्यासाठी तिनं मोरपंखी साडीला इस्त्री करून घेतली होती, दोनदा मला दाखवलीही होती.

काकीनं कात्री उचलली. तिनं कडेला लोंबणारा एक दोरा कापला आणि कात्री खाली ठेवली.

"मग न्हाई जानार," ती म्हणाली. "च्या घेता का, ताई?"

सकाळी गटाची जीप निघाली तेव्हा काकी मोरपंखी साडी नेसून अंगणात उभी होती. गोधडी तिनं रस्त्याकडच्या तारेवर टाकली होती, नाव बाहेरच्या बाजूला. जीप समोरून गेली. आतून कुणीच हात केला नाही.

धुरळ्याबरोबर वारा आला नि कोपरा उलटला. काकीनं तो सरळ केला, हातानं झटकला आणि त्याला चिमटा लावला.