आखाजीला बदामाच्या वाट्या

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातल्या सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके घेतात, भावाच्या घरचे आंबे खातात. मी मात्र यंदा आदल्या दिवशी जळगावहून उलटी सासरी निघाले, धुळ्याला, आणि तेही भांडायला. माझे थोरले दीर रुपचंदभाऊ यांचा फोन आला होता. "मंदा, यंदा सांजोऱ्या तू कर. तुन्ही अक्का करत नही. आनि तिले जरा समजाड. तुनं ऐकस ती." अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली जाऊ.

घरात माझी जीभ सगळ्यांत लांब, त्यामुळे नको ते बोलायची वेळ आली की मलाच पुढे ढकलतात. गोड बोलायला बाकीचे आहेतच. माझे मिस्टर योगराज बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वहिनीला दुखवू नको." मी म्हटलं, "मग तुम्ही सांगा." त्यावर ते धुळं येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिले.

गोष्ट समाधानची होती. भाऊंचा आणि पुष्पाअक्कांचा एकुलता एक मुलगा. परदेशी प्रवासी जहाजावर तो गोड पदार्थ करणारा आचारी होता. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो कामावर आला नाही. खोलीत नव्हता, जहाजावर कुठेच नव्हता. शोधाशोध झाली, हाती काही लागलं नाही. कंपनीने कळवलं, लापता. अक्कांनी तो शब्द घट्ट धरून ठेवला. कुणी सांत्वनाला आलं की त्या म्हणायच्या, "लापता म्हंजे पत्ता सापडत नही. मानूस नही असं कोनी सांगं?"

आणि यंदा भाऊंनी कुंभाराकडून दोन घागरी आणल्या होत्या. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने लाल मातीची नवी घागर पाण्याने भरतात, तिच्या तोंडावर डांगर म्हणजे खरबूज आणि गोड सांजा भरून तळलेल्या दोन सांजोऱ्या ठेवतात, म्हणजे उन्हाळ्यात त्याला पाणी मिळतं. एक घागर माझ्या सासऱ्यांची, ती दरवर्षीचीच. दुसरी समाधानची. बापाच्या नावाची घागर पोराने भरावी ही रीत. पोराच्या नावाची बापाने भरायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

आम्ही पोचलो तेव्हा अक्का स्वयंपाकघरात खाली बसून बदाम सोलत होत्या. भिजवलेले बदाम चिमटीत धरले की सालातून टुणकन बाहेर उडत होते. मला वाटलं, चला, निदान शिरा तरी करतायत.

"वाट्या करी ऱ्हायनू," त्या म्हणाल्या. "उद्या पोऱ्याना वाढदिवस शे."

मी कपाळाला हात लावला. समाधानचा जन्म आखाजीचा, आणि अक्का वाढदिवस तिथीनेच करतात, हे माझ्या लक्षातच नव्हतं. शाळेच्या दाखल्यावरची तारीख अक्कांनी कधी मानलीच नाही. त्यांच्या मते पोरगा आखाजीला झाला, तर वाढदिवसही आखाजीलाच.

वाट्या म्हणजे ते टार्ट. समाधान पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा छोटे पत्र्याचे साचे आणि एक ओव्हन घेऊन आला आणि आईला शिकवून गेला. मैद्याची खुसखुशीत वाटी, तिच्यात बदामाचं मऊ सारण, वर फळांच्या फोडी, आणि सगळं एकदम भाजायचं. मी तेव्हा त्याची खूप खेचली होती. "अरे, एवढं लोणी, एवढे बदाम, आणि माप काय तर एक घास! आमच्या खापरावरच्या पुरणपोळीसमोर हे म्हणजे हत्तीसमोर उंदीर." तो हसला. "काकू, जहाजवर ह्या उंदरासनासाठे रांग लागस." सारणात अंडं घालतात म्हणे, पण आईच्या स्वयंपाकघरात ते चालणार नाही म्हणून त्याने अंड्याऐवजी घट्ट दही घालून बघितलं. तीनदा फसलं, चौथ्यांदा जमलं. तेव्हापासून अक्का त्या दह्याच्या पाककृतीला 'मन्ही', म्हणजे माझी, म्हणत.

मला त्यांच्या हातांचं नवल वाटायचं. जन्मभर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीचं पीठ रगडून मळलेले हात ते. या पिठाला रगडायचं नसतं. थंड लोणी मैद्यात आणि पिठीसाखरेत चिमटीने चोळायचं, चमचाभर गार पाण्याने गोळा करायचा आणि ताबडतोब फ्रीजमध्ये ठेवायचा. मळलं की वाटी कडक होते. आमच्या धुळ्याच्या वैशाखात तर लोणी बोट लावायच्या आत वितळतं. अक्का हात बर्फाच्या पाण्यात बुडवून, पुसून मग पिठाला लावत. जोर न लावता काम करायला त्यांना समाधाननेच शिकवलं.

मी त्यांच्याजवळ बसले आणि एकेक बदाम सोलायला लागले. बरेच बदाम सोलून झाले. शेवटी म्हटलं, "अक्का, भाऊंचंही मन बघा ना."

"कसाले? त्यासले दोन घागरी भरनी शेतंस, भरोत."

"तुम्ही मान्य केल्याशिवाय ते भरणार नाहीत."

त्यांनी बदामांची वाटी खाली ठेवली. "मंदा, जित्ता मानूसनी घागर भरी ते काय व्हस, तुले माहीत शे?"

मला माहीत होतं. लहानपणापासून ऐकलेलं. जिवंत माणसाची घागर भरली तर त्याचं आयुष्य सरतं. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, असं दहा ठिकाणी सांगत फिरते. त्या दिवशी मात्र हातातला बदाम सोलत राहिले.

भाऊ दारात येऊन उभे राहिले होते. ते कमी बोलणारे, बाजार समितीत जन्म गेला पण आवाज कधी चढला नाही. ते म्हणाले, "पुष्पा, मी रोज मटकानं गार पानी पेस. पेलं की घशाखाले उतरत नही. तो खारा पानीमा शे. चारीमेर पानी, आनि पेवाले थेंब नही. त्याले गोड पानी कोन देई?"

"तो जित्ता व्हई ते? तुम्हीच मारशात त्याले."

"आनि नही व्हई ते? तिसरा उन्हाळा लागना, तो तिसाया शे."

मी दोघांच्या मध्ये बसले होते आणि मला पहिल्यांदाच कुणाची बाजू घ्यावी हे कळेना. भाऊ चुकीचे असते तर मी त्यांना फाडून खाल्लं असतं. अक्का हट्टी असत्या तर त्यांनाही सोडलं नसतं. दोघंही त्याच पोरासाठी झुरत होते; अक्कांना तो मेलेला नको होता, भाऊंना तहानलेला.

अक्का उठल्या. "भरा घागर. मी तठे येत नही. मन्हा हातनं काही मांगू नका." एवढं बोलून त्यांनी मिक्सर लावला.

सकाळी एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी पाठीला पाठ लावून उभ्या. माझ्याकडे कढई, त्यांच्याकडे ओव्हन. मी मेलेल्याच्या सांजोऱ्या तळत होते, त्या जिवंताच्या वाट्या भाजत होत्या, आणि पोरगा एकच. घामाने माझा जीव हैराण झाला होता. अक्कांनी साच्यांत पीठ दाबून बसवलं, काट्याने टोचलं, बदामाचं सारण पसरलं. वर बाजारात आलेल्या पहिल्या बदाम आंब्याच्या पातळ फोडी लावल्या. मी वातावरण हलकं करायला म्हटलं, "आत बदाम, वर बदाम आंबा. बदाम बदामाला भेटला म्हणायचा." त्या हसल्या नाहीत. जीभ चावली मी. थोड्या वेळाने ओव्हनमधून असा वास आला की माझ्या तळणाचा वास पार फिका पडला.

बाहेरच्या खोलीत भाऊंनी पाट मांडले, गहू पसरले, दोन्ही घागरी भरून ठेवल्या. मातीच्या पात्रात गोवरीचे निखारे फुललेले. त्यावर तूप आणि घास टाकून पितरांना जेवू घालायचं, त्याला आमच्याकडे आगारी म्हणतात. निखारे उडू नयेत म्हणून पंखा बंद ठेवला होता. मी दोन्ही घागरींवर डांगर ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. योगराजांनी हळद-कुंकू लावलं. भाऊ हात जोडून नावं घ्यायला लागले. आजोबांचं घेतलं, वडलांचं घेतलं. मग पोराच्या नावाशी थांबले.

तेवढ्यात अक्का गरम वाट्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या. स्वयंपाकघरात त्या गार होईनात म्हणून त्यांना खिडकीशी ठेवायच्या होत्या. आमच्याकडे बघायचंच नाही असं ठरवून त्या भिंतीकडेने चालल्या होत्या. आणि चालता चालता त्यांची नजर दुसऱ्या घागरीवर गेली.

"डांगर कोनी ठेवं?" त्या एकदम खेकसल्या. "त्याले डांगर चालत नही. तोंडले खाज सुटस त्याना, ओठ सुजतंस. एवढंबी ध्यानमा नही का कोनाले?"

आणि त्यांनी ताट खाली ठेवलं, वाकून घागरीवरचं डांगर उचललं, बाजूला केलं, आणि त्याजागी आपल्या हाताने दोन वाट्या मांडल्या. नीट, सांजोऱ्यांच्या शेजारी. एक जरा कलंडत होती, ती बोटाने सरळ केली.

मग त्यांचा हात तिथेच थांबला.

त्यांनी काय केलं हे आम्हाला कळलं तेव्हाच त्यांनाही कळलं. मी चटकन पुढे होऊन त्या वाट्या उचलून घेणार होते, खरंच सांगते. पण डांगर काढलं ते चुकीचं म्हणून; त्याच्या आवडीचं एकदा घागरीवर मांडलं की परत घेत नाहीत. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग भाऊंकडे. त्यांचा चेहरा एखाद्या लहान पोरीला भर वर्गात उभं केल्यासारखा झाला होता.

भाऊंनी नाव घेतलं. "समाधान रुपचंद." त्यांनी वाटीची कड मोडून निखाऱ्यावर टाकला. लोणी भपकन पेटलं आणि खोलीभर भाजलेल्या बदामाचा वास पसरला. मला समजावायला बोलावलं होतं. मी धड समजावलंही नव्हतं, माझ्या चुकीच्या डांगरानेच काम झालं होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

अक्का रडल्या नाहीत. ताट उचलून आत गेल्या. मी मागे गेले तेव्हा त्या उरलेल्या वाट्या ताटलीत काढत होत्या. दरवर्षी आखाजीला त्या शेजारच्या भागाबाईंना आधी वाट्या देतात आणि मग घरात कुणी खातं. मी ताटली मागितली. "द्या, मी देऊन येते." त्यांनी दिली नाही.

मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत आहे. अक्कांनी हाक मारली, भागाबाई ओल्या हातांनी आल्या. वाटी बघून त्यांचा चेहरा उजळला. गेली दोन्ही वर्षं त्यांनी हेच केलं होतं. सगळ्या गल्लीत अक्कांच्या हो ला हो म्हणणारी ती एकटीच बाई. "समाधानना वाढदिवस ना? शंभर वरीस जगो मन्हा पोऱ्या!" असं म्हणून त्यांनी वाटी तोंडाशी नेली.

दरवर्षी अक्का यावर म्हणायच्या, तुन्हा तोंडमा साखर पडो.

"नही भागाबाई," अक्का म्हणाल्या. "घागरनं शे."

भागाबाईंचा हात तोंडाशी तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. मग त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, वाटी कपाळाला लावली आणि डोळे मिटून खाल्ली.