दुपारी मिटणारी फट

"मागे सरा, मागे सरा! बाबांना वारा लागू द्या!"

वारा लागायला जागा कुठे होती? नाल्यावरच्या लोखंडी पुलाच्या टोकाशी दोनेकशे माणसं दाटीवाटीने उभी होती. पुढच्यांच्या खांद्यावरून मागचे डोकावत होते आणि मागच्यांच्या बगलेतून पोरं. पत्रा इतका तापला होता की चपलेतूनही चटका बसावा, पण कोणी तसूभर हलत नव्हतं.

मध्यभागी सांधेबाबा. अंगात पायघोळ झगा, हातात करंगळीएवढी पितळी हातोडी. पुलाचा पत्रा जिथे संपतो आणि रस्ता जिथे सुरू होतो, तिथे एक आडवी फट होती. सकाळी सातला बाबांनी सर्वांसमक्ष तिच्यात दोन बोटं घालून दाखवली होती. आता बारा वाजून गेले होते. बाबांनी हातोडी टण्णकन वाजवली, पत्र्याला कान लावला आणि चटका बसल्याबरोबर उचलला.

"ऐकलंत? लोखंड कण्हतंय! माणसाला जीव असतो, तसा पुलालाही असतो. याची कंपनं आणि माझी कंपनं आता एक होणार. मिट, बाळा, मिट!"

त्यांनी पुढच्या रांगेतल्या एका मावशींकडून नाणं घेतलं आणि त्यांनाच ते फटीत टाकायला सांगितलं. मावशींनी आडवं टाकलं, उभं टाकलं, तिरकं टाकलं. नाणं जाईना.

"मिटली! खरंच मिटली!" एकच गलका झाला. कोणी हात जोडले, कोणी डोळे पुसले.

मी गर्दीच्या कडेला उभी होते. कडेवर चार वर्षांची मुलगी, खांद्याच्या पिशवीत मोजपट्टी. नगरपालिकेच्या बांधकाम विभागात मी तांत्रिक सहायक आहे. रस्ते, गटारं, पूल यांची मापं घ्यायची, नोंदवहीत लिहायची आणि साहेबांपुढे ठेवायची, हे माझं काम. शिवाय हा पूल माझ्या रोजच्या वाटेवरचा आणि काळजीचाही. पलीकडच्या टोकाला, पुलाच्या भिंतीला अगदी पाठ लावून, माझ्या पिटुकलीचं पाळणाघर आहे.

आणि खरं सांगायचं तर बाबांना ही फट बहाल केली होती ती आमच्याच विभागाने. सहा आठवड्यांपूर्वी फटीवरची लोखंडी झाकणपट्टी सैल होऊन खडखडायला लागली. आम्ही ती काढून कारखान्यात दुरुस्तीला पाठवली. "चार दिवसांत देतो," ते म्हणाले. तोवर तिथे 'काम चालू आहे' अशी पाटी लावणं माझ्याकडे होतं. त्या दिवशी पिटुकलीला ताप आला म्हणून मी अर्ध्या दिवसातच घरी गेले. दुसऱ्या दिवशी मनाशी म्हटलं, चार दिवसांसाठी कसली पाटी! चार दिवसांचे सहा आठवडे झाले. लोकांना वाटलं पुलाला तडा गेला, आणि त्या तड्यातून बाबा उगवले.

पुढचं आपोआप घडलं. पुलाचा सांधा जोडणारा माणूस गुडघ्याचा जोडणार नाही होय? लंगडणारी माणसं येऊ लागली. त्यांत माझ्या सासूबाईही होत्या.

"आई, तुम्ही गुडघ्याच्या गोळ्या घेतल्या नाहीत दोन दिवस," मी म्हटलं.

"गोळ्यांनी काय होतंय? बाबांनी हातोडी लावली गुडघ्याला. पूल हलका वाटला म्हणाले."

"पूल?"

"गुडघा गं! तू शब्दात पकडू नकोस. शिकलात म्हणून सगळं कळतं असं नाही."

मी भाताचं झाकण उचलून बघितलं. सासूबाईंशी वाद घालायचा तर पोट भरलेलं असावं, आणि तेव्हा भात अजून शिजत होता.

पण दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी नवीनच बातमी आणली.

"रविवारी पहाटे बाबा फट कायमची बुजवणार आहेत. खालून पत्रा ठोकून सात धातू वितळवून ओतायचे. ज्याला जमेल त्याने घरातलं द्यावं, म्हणाले. मी पिटुकलीच्या कानातले देईन म्हणतेय. जुने, सोन्याचे."

"कायमची बुजवणार? पहाटे?"

"हो. पहाटे फट उघडी असते ना, मग आत भरता येतं."

कानातल्यांचं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. मला दिसली ती पाळणाघराची भिंत.

ती फट म्हणजे तडा नव्हे. पूल बांधणाऱ्यांनी ती मुद्दाम ठेवली आहे. लोखंड उन्हाने तापलं की वाढतं, आणि साठ मीटर लांबीचा पूल दुपारी बोटाच्या जाडीएवढा वाढतो. त्याचं पलीकडचं टोक पक्कं बसवलेलं आहे आणि इकडचं गोल रुळांवर ठेवलेलं, सरकायला मोकळं. त्या सरकण्यासाठी ही मोकळी जागा. पहाटे गार असताना ती धातूने गच्च भरून टाकली, तर दुपारी पूल वाढायचा थोडाच थांबणार आहे? लोखंड कोणाचं ऐकत नाही. जागा नसली तर जागा करून घेतं. इथला धातू दाद देणार नाही, मग सगळा रेटा पलीकडच्या भिंतीवर. आणि त्या भिंतीला पाठ लावून वीस पोरं दुपारची झोपतात.

हे मी साहेबांना सांगितलं. साहेब माणूस चांगला, पण फायलीच्या बाहेर पाऊल टाकताना आधी खाली वाकून बघणारा.

"बरोबर आहे हो तुमचं. पण श्रद्धेचा विषय आहे. उद्या कोणी ओरडलं, तर मला वर उत्तर द्यायचंय. तुम्ही हात घालू नका."

"साहेब, लेखी देते."

"लेखी तर अजिबात नको!"

पोलिसांकडे जायचं मनात आलं. पण बाबांना उचलून नेलं असतं, तर ते छळ झालेले संत ठरले असते आणि भक्तांनी फट स्वतःच भरली असती. लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं होतं.

मग मी माझं नेहमीचं काम केलं. पूल कधी, किती वाढतो हे मापायचं. आमचा नियम असा की माप नेहमी ठरलेल्या वेळी घ्यायचं. पाळणाघरात पिटुकलीला सोडताना मी रोज सातला घेत असे. आता गुपचूप दिवसातून पाच वेळा घेऊ लागले. गर्दीला वाटलं, बाईंनाही नवस बोलायचाय.

गुरुवारी ढग आले. दुपारी बाबांनी हातोडी वाजवून वाजवून हात दुखवून घेतला, पण नाणं खुशाल आत जाऊन नाल्यात पडलं. बाबा क्षणभरच गांगरले.

"कोणाच्या तरी मनात शंका आहे!"

दोनशे डोकी वळली. माझ्याकडे नाही, देवाची कृपा! पाळणाघराच्या ताईंकडे. कारण त्या नेमक्या तेव्हाच फिसकन हसल्या होत्या.

ढग आले तर पूल तापत नाही, म्हणून मिटत नाही. बाबांचा चमत्कार उन्हाच्या जोरावर चालत होता, म्हणजे उलटंही करता येईल! पुलाला गार केलं तर? मी तशीच साहेबांकडे गेले.

"साहेब, पुलावर पाखरांची घाण फार साचलीये. रंगकामाआधी धुवायला हवा. शनिवारी दुपारी टँकर मिळेल?"

"धुवा की! धुवायला कोण नाही म्हणतो?" साहेब सही करता करता थबकले. "दुपारी का हो?"

"दुपारी लवकर वाळतो, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली. मला वाटतं, त्यांना कळलं होतं.

शनिवारी बाराला गर्दी दुप्पट. उद्या फट कायमची बुजणार म्हणून आजचा शेवटचा चमत्कार पाहायला सगळे आले होते. सासूबाई पुढच्या रांगेत होत्या, पदराच्या गाठीत पिटुकलीचे कानातले. बाबांची हातोडी वाजली, नाणं अडलं, गलका झाला. तेवढ्यात पलीकडून टँकरचा भोंगा.

"अहो बाई," टँकरवाले काका खिडकीतून ओरडले, "माणसं कुठे ठेवू आणि पाणी कुठे?"

"पूल रिकामा करा! धुवायचाय, अर्धा तास!" मी जमेल तितक्या सरकारी आवाजात सांगितलं. पिशवीतली मोजपट्टीही हातात घेतली; हातात काही असलं की आवाज आणखी सरकारी वाटतो.

लोक कुरकुरत दोन्ही टोकांना उभे राहिले. बाबाही फटीच्या अलीकडे, रस्त्यावर सरकले. काकांनी जाड पाइपचा फवारा सोडला. आधी पत्रा, मग दोन्ही बाजूंच्या लोखंडी तुळया, मग पुन्हा पत्रा. पाणी पडलं की वाफ उठत होती.

"काहीही करा," बाबा हसून म्हणाले, "मी मिटवलेलं पाण्याने उघडत नाही!"

हे त्यांनी बोलायला नको होतं.

वीस मिनिटं झाली. मी त्याच मावशींकडे गेले. "मावशी, तुमचं नाणं पुन्हा टाकता का?"

मावशींनी वाकून नाणं फटीवर ठेवलं. ते टुणकन आत गेलं. खाली नाल्यात पडल्याचा आवाजही ऐकू आला.

गर्दीत चांगलीच कुजबुज सुरू झाली. एक म्हातारा खाली बसला. त्याने फटीत बोट घातलं, मग पलीकडून आणि अलीकडून चाचपून पाहिलं. "उघडली की हो! करंगळी जाते!"

"टँकरचं पाणी अशुद्ध!" बाबा कडाडले. "त्याने बाधा आली!"

"मग आता मिटवा ना, बाबा," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा सूर भांडणाचा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की बाबा मिटवतील. "मिटवा. आम्ही थांबतो."

बाबांनी हातोडी उचलली. टण्ण, टण्ण, टण्ण. "मिट, बाळा, मिट!" काका मात्र पाणी मारतच राहिले, कारण मी त्यांना थांबायला सांगितलंच नव्हतं. फट मिटली नाही. उलट अर्ध्या बोटाने रुंदावली. बाबांच्या कपाळावरचा घाम आता उन्हाचा नव्हता.

"काका, पाणी बंद करा," मी म्हटलं. "आता तुम्ही सगळे थांबा. बाबा, तुम्ही मात्र मंत्र म्हणू नका. तोंड बंद, हातोडी खाली."

उन्हं जोरात होती. लोक चुळबुळत थांबले. पाऊण तासाने म्हाताऱ्याची करंगळी जाईना. तासाभराने नाणं अडलं. बाबा काहीच बोलले नव्हते, फक्त घाम पुसत होते.

मग मी सगळं सांगितलं. ऊन, लोखंड, रूळ, मोकळी जागा. मुलांना कळेल असं, कारण पिटुकली समोरच उभी होती आणि तिने मधूनच विचारलं, "मग पूल रात्री बारका होतो?"

"हो गं, होतो."

"उद्या धातू ओतला असता, तर पुलाने त्या भिंतीला ढकललं असतं," मी पाळणाघराकडे बोट दाखवलं. "मला भीती वाटते ती भिंतीची, देवाची नाही. आणि इथे 'काम चालू आहे' अशी पाटी लावायची राहिली, ती चूक माझी. लावली असती तर तुम्ही फसला नसता."

बाबांनी गर्दीतून सटकायची वाट शोधली. टँकरवाल्या काकांनी मात्र त्यांना ओळखलं.

"अरे, तू तर इथेच छत्र्या दुरुस्त करायचास! याच फटीच्या शेजारी! या दाढी-झग्यात ओळखलाच नाही!"

"बारा वर्षं," ते हळूच म्हणाले. "झाकणपट्टीच्या कडेला फट थोडी उघडीच होती. माझं नाणं पडायचं हो सकाळी, आणि दुपारी पडायचं नाही."

मला क्षणभर त्यांचं कौतुक वाटलं. बारा वर्षं एवढं बारीक बघितलं आणि लोकांना सांगितलं मात्र खोटं! गोळा केलेली भांडी आणि दागिने एका बाकड्यावर ठेवले होते. लोकांनी ते ओळखून ओळखून परत घेतले. सासूबाईंनी पदराची गाठ सोडली नाही, तशीच घट्ट केली. घरी येताना म्हणाल्या, "गुडघा मात्र त्या दिवशी थोडा बरा वाटला होता हं."

"ऊन लागलं असेल, आई."

"चहाटळ कुठली," त्या म्हणाल्या, आणि घरी गेल्यावर गोळी घेतली.

सोमवारी झाकणपट्टी आली, मंगळवारी बसली. साहेबांनी पुलाच्या धुण्याचा अहवाल मागितला. मी लिहिलं: पूल स्वच्छ झाला.

तुम्हालाही कधी असा चमत्कार दिसेल. दिसला तर एकदम हात जोडू नका आणि एकदम हसूही नका. आधी विचारा: हे याच वेळी का घडतं? मग एक गोष्ट बदलून पुन्हा बघा. ऊन काढा, पाणी घाला, मंत्र बंद करा. खरं असेल ते तरीही टिकेल. टिकलं नाही तर सांगा सगळ्यांना, मोठ्याने सांगा, आवाज कापला तरी चालेल. कारण त्या पुलावरून तुमचंही कोणीतरी रोज चालत जात असतं.