बी बाजू, तिसरं गाणं

“मिस व्हर्ना, ही टीशाकडे देऊ का?”

लायल दारात उभा होता. आमचा साहेब, वय चौतीस. हातात पांढऱ्या लेबलच्या पाच रेकॉर्ड आणि चेहरा असा, की घरात कुणी गेल्याचं मला सांगायला आलाय.

“का? टीशाचे कान माझ्याहून बरे झाले का?”

“तसं नाही हो. टॅकेटची आहे. डॉइल टॅकेटची नवी.”

“मग आधीच्या काय दुसऱ्या कुणाच्या होत्या? ठेव इथे.”

त्याने ठेवल्या आणि पाय न वाजवता गेला. कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. माहीत नसल्यासारखं दाखवतात, तेही मला माहीत आहे.

नॅशव्हिलच्या दक्षिणेला आमचा रेकॉर्ड छापायचा कारखाना आहे. तिथे गेली सव्वीस वर्षं मी नमुने ऐकते. हजारो प्रती छापण्याआधी पाच नमुने काढतात. काचेच्या खोलीत बसून, हेडफोन लावून ते ऐकायचे. कुठे टिक आहे, कुठे खरखर, कुठे सूर डुलतोय, ते मिनिट-सेकंदासकट चिठ्ठीवर लिहायचं. माझी सही झाल्याशिवाय छपाईचं यंत्र सुरू होत नाही. नियम एकच: गाणं ऐकायचं नाही, रेकॉर्ड ऐकायची. गाण्यात मन गेलं की टिक निसटते. टीशा नवी होती तेव्हा एका चर्चच्या गाण्यावर रडत बसली आणि एवढा मोठा ओरखडा तिने सोडून दिला. मी तिला असं झापलं होतं, की त्यानंतर आठवडाभर ती माझ्यासमोर जेवायला बसली नाही.

डॉइलबद्दल सांगते. आम्ही सहा वर्षं जोडीने गायलो. केंटकीतले बार, जत्रा, अग्निशमन दलाच्या रविवारच्या न्याहाऱ्या, जिथे बोलावतील तिथे. लग्न सोडून बाकी सगळं झालं होतं. गिटार त्याची, मुख्य आवाज त्याचा, वरचा दुसरा आवाज माझा. मला गर्दी बघितली की मळमळायचं, म्हणून मी डोळे मिटून गायचे. डोळे मिटलेलीला मान हलवून खूण कशी करणार? मग त्याने एक युक्ती काढली. माझी ओळ आली की तो गिटारच्या पोटावर करंगळीचं नख आपटायचा. एकदाच. टक्. पुढच्या शब्दावर मी आत. ऐकणाऱ्यांना ते कधी कळलं नाही. ती खूण फक्त आम्हा दोघांची होती.

भांडण झालं ते गाण्यांवरून. डॉइल न्याहारीच्या आधी एक गाणं लिहायचा आणि नंतर दोन. मी म्हणायचे, “अरे, बीन्ससुद्धा रात्रभर भिजवल्याशिवाय शिजत नाहीत. हे गाणं महिनाभर ठेव. तिसरं कडवं कच्चं आहे.” तो हसायचा आणि चौथं गाणं लिहायला घ्यायचा. बोलिंग ग्रीनच्या एका पार्किंगमध्ये मी व्हॅनमधून माझी बॅग काढली. त्याला वाटलं, मी बाथरूमला चाललेय.

त्यानंतर त्याने एकतीस अल्बम केले. वर्षाला एक, कधी तीन. शनिवार-रविवारात उरकलेला एक, मोटारीत एकट्याने गायलेला एक, नाताळचे दोन. मी या कारखान्यात आल्यापासूनचे सगळे माझ्या कानांखालून गेले. आणि खोटं कशाला बोलू, ते वाईट होते याचा मला मोठा आधार होता. प्रत्येकात एखादी ओळ चमकायची आणि बाकी भुसा. मी चिठ्ठीवर सही करायचे आणि त्या दिवशी घरी जाताना बेकरीतून पीचचं गोड सारण भरलेला ‘पाय’ घेऊन जायचे.

ही नवी मी यंत्रावर ठेवली तेव्हा संध्याकाळच्या त्या पीच-पायचाच विचार करत होते.

पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला मी सुई उचलली. दोष नव्हता. मला पाणी हवं होतं.

परत ठेवली. गाणी नऊच होती. हा माणूस एकोणिसाच्या खाली कधी थांबला नव्हता. आवाज उतरला होता, वरचे सूर त्याने सोडून दिले होते आणि जे उरले होते त्यांच्यातच तो गात होता, कुठेही ताणत नव्हता. शब्द थोडे. जिथे पूर्वी त्याने तीन उपमा कोंबल्या असत्या तिथे एक साधं वाक्य टाकून तो पुढे गेला होता. गाणी भिजली होती. रात्रभर नाही, काही वर्षं.

मला मत्सर वाटला. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. छातीच्या हाडामागे काहीतरी अडकून बसलं, वाळका पाव पाण्याशिवाय गिळल्यावर बसतो तसं. मी सांगत होते तेव्हा ऐकलं नाहीस. तिशीत ऐकलं नाहीस, चाळिशीत नाही, पन्नाशीत नाही. आणि आता कुणाचं ऐकलंस?

ते दुसऱ्या गाण्यात कळलं. वरच्या आवाजात एक मुलगी आली. आतल्या कागदावर नाव होतं सिएरा काहीतरी. स्वच्छ आवाज, वेळेवर येणारा, वेळेवर जाणारा. तिच्यात काही खोट काढता येईना, याचाच मला जास्त राग आला.

बी बाजू. तिसरं गाणं फक्त तो आणि गिटार. एक बाई अंगणातले वाळत घातलेले कपडे काढते आणि एक सदरा दोरीवर तसाच ठेवते, एवढंच गाणं. दोन मिनिटं चौदा सेकंदांना आवाज आला.

टक्.

मी पेन्सिल हातात घेतली होती, ती तशीच राहिली. सव्वीस वर्षांत मी हजारो वेळा टिक ऐकली. धुळीची वेगळी असते, साच्यावर चरा पडला तर वेगळी. ही लाकडावरच्या नखाची होती. ती ओळखायला मला हेडफोन लागला नसता.

म्हणजे आता आमची खूणसुद्धा त्या मुलीला दिली! पुढच्या शब्दावर ती स्वच्छ आवाजाची सिएरा आत येणार होती, माझ्या दारातून. मी सुई उचलली. उरलेले चार नमुने त्याच जागी लावून पाहिले आणि प्रत्येक वेळी टक् झाल्याबरोबर सुई उचलली. मग चिठ्ठीवर लिहिलं: बी बाजू, तिसरं गाणं, दोन चौदा, टिक, पाचही प्रतींत. साच्याचा दोष. नापास. खाली सही, व्हर्ना कॉम्ब्ज.

सव्वीस वर्षांतली पहिली खोटी चिठ्ठी. अक्षर मात्र नेहमीपेक्षा सुंदर आलं.

जेवताना टीशाने विचारलं, “कशी आहे हो, मिस व्हर्ना?”

“टिक आहे.”

“नाही, म्हणजे गाणी...”

“मी गाणी ऐकत नाही. तूही ऐकू नकोस.”

तिने खाली बघून सँडविचचा कागद उघडला आणि अर्धं माझ्यापुढे सरकवलं. मी ते खाल्लं.

तीन आठवड्यांनी लायलने मला कचेरीत बोलावलं. नवा साचा केला होता, त्याचे नमुने काढले होते आणि टीशाने ते ऐकले होते. टिक त्याच सेकंदाला होती.

“साच्यात नाहीये,” लायल म्हणाला. “मूळ टेपमध्येच आहे. गंमत म्हणजे तिकडे कुणालाच ऐकू आली नव्हती. रेकॉर्डिंगवाल्याला नाही, कुणालाच नाही. ते म्हणतायत, कोण हो ही तुमची बाई? कान आहेत की काय आहे?” त्याने फोन माझ्याकडे धरला. “त्याला स्वतःला बोलायचंय. नाव नाही सांगितलं मी तुमचं.”

मी फोन घेतला. लायल बाहेर गेला, दार ओढून.

“हॅलो,” डॉइल म्हणाला. “बाई, आधी तुमचे आभार. आम्ही सहा वर्षं या नऊ गाण्यांवर बसलो होतो आणि तुम्ही एका बैठकीत...”

“सहा वर्षं? तू?”

पलीकडे कुत्रं भुंकत होतं, त्याला तो गप्प बस म्हणाला नाही.

“व्हर्नी?”

“व्हर्ना कॉम्ब्ज. नमुना तपासणी.”

“अगं बाई! तू तिथे किती वर्षं आहेस?”

“तुझ्या नाताळच्या पहिल्या अल्बमच्या आधीपासून.”

“अरे देवा. म्हणजे तू सगळे ऐकलेस?”

“ऐकावे लागले. ते पगारात येतं.”

तो हसला. हसणं तेच होतं, फक्त त्याला आता खोकला जोडला होता. मग म्हणाला, “ती टिक काय आहे ते मला खरंच ठाऊक नाही गं. मी दहादा ऐकली. इथली पोरं म्हणतात, नख लागलं असेल. एका चुटकीत काढून टाकता येते म्हणे आता. काढू का? तू सांग. कान तुझे आहेत.”

त्याला ठाऊक नव्हतं. सदोतीस वर्षांपूर्वी लागलेली सवय त्याच्या हाताला अजून होती आणि डोक्याला पत्ता नव्हता. मी खुर्चीत बसले.

“त्याच्यानंतर कोण येतं?” मी विचारलं.

“कशाच्यानंतर?”

“त्या टिकनंतर. ती मुलगी येते ना?”

“सिएरा? या गाण्यात नाहीये ती. आम्ही करून बघितलं. बरं वाटेना. ती जागा रिकामीच बरी वाटते, का ते सांगता येत नाही. पण तू ऐकलंच असशील की.”

मी लायलच्या टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं.

“व्हर्नी, तू पुढे ऐकलं नाहीस?”

“नाही.”

“तू? तू अर्धं गाणं ऐकून नापास केलंस?” तो चिडला नव्हता, त्याला नवल वाटत होतं, आणि तेच मला झोंबलं. “गाडीत माझ्या गाण्याला नावं ठेवायचीस तेसुद्धा शेवटपर्यंत ऐकून ठेवायचीस.”

“शेवट कच्चे असायचे.”

“असायचे,” तो म्हणाला. “ऐक आणि सांग. तू काढ म्हणालीस तर काढतो, ठेव म्हणालीस तर ठेवतो. तोवर छपाई थांबवतो.”

मी माझ्या काचेच्या खोलीत गेले आणि दार लावलं. एका शब्दाने मी ती टिक पुसून टाकू शकत होते. त्याला कधी कळलं नसतं आणि जगात कुणालाच कळलं नसतं. माझी चिठ्ठीसुद्धा खरी ठरली असती. मी सुई ठेवली.

बाई कपडे काढते. चादरी, मोजे, मुलाची विजार. दोन चौदा. टक्.

आणि कुणी आलं नाही.

गिटार तशीच चालत राहिली. एक अख्खी ओळ तिने कुणासाठी तरी मोकळी धरून ठेवली, जशी ती मी चुकले तर धरायची, आणि मग तो एकटाच, खालच्या सुरात, पुढच्या ओळीवर गेला. सदरा दोरीवर राहिला. गाणं संपलं. कुठेही कच्चं नव्हतं.

मी ते पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा कबूल करावं लागलं, की माझा आवाज तिथे असता तर गाणं बिघडलं असतं. सिएराचा नको होता आणि माझाही नको होता. आतापर्यंत मी त्या मुलीवर जळत होते. आता त्या रिकाम्या ओळीवर जळायला लागले. ती माझ्यापेक्षा बरी गात होती.

जुनी चिठ्ठी फायलीतून काढून मी ‘साच्याचा दोष’ खोडलं. खोडलं की बाजूला पूर्ण सही करावी लागते, ती केली. खाली लिहिलं: दोष नाही. वाजवणाऱ्याच्या हाताचा आवाज आहे. ठेवावा. मग ती लायलच्या टेबलावर ठेवली.

त्याने वाचली, माझ्याकडे पाहिलं. “आधी साच्याचा दोष म्हणाला होतात.”

“चुकले होते.”

“तुम्ही?”

“कितीदा म्हणू? छापायला घे.”

सोमवारी यंत्रं सुरू झाली. छपाई चालू असताना प्रत्येक शंभरावी प्रत उचलून तपासायची असते. टीशा ए बाजू ऐकत होती, मी बी. पंचवीस हजारांची मागणी आली होती. त्याच्या आधीच्या कुठल्याही अल्बमला एवढी आली नव्हती. चार दिवस सकाळपासून चारपर्यंत तेच गाणं. दोन चौदा, टक्. दोन चौदा, टक्.

गुरुवारी टीशाने काचेवर बोट वाजवलं. मी एक कान मोकळा केला.

“मिस व्हर्ना, रागवू नका हं. तुम्ही एका जागी दर वेळी मोठा श्वास घेता. गायला घेतात तसा. आणि मग काहीच करत नाही.”

“सर्दी झालीये,” मी म्हणाले, आणि पुढची प्रत यंत्रावर ठेवली.