नोरीताईची नारिंगी भिंत

“अजून एक हात द्यायला हवा,” नोरीताई शिडीवरून म्हणाली. ईद दोन दिवसांवर, दोघींचे रोजे, त्यात रंगाच्या वासाने माझं डोकं उठलेलं. मी शेजारीण, मदतीला आलेली. म्हटलं, “बाई गं, भिंत रंगवतेयस की सूड घेतेयस?” ती हसली आणि डबा मागितला.

तिच्या घराला कायम मळका पिवळट रंग होता. इथे मलेशियात, क्वाला कांगसारच्या शाळेत तिने एकतीस वर्षं पोरांसाठी भात रांधला. घराकडे बघायला फुरसत नव्हती. आता मात्र बैठकीची एक भिंत भडक नारिंगी होणार होती. आमच्याकडे ईदला घरातली सगळी माणसं एकाच रंगाचे कपडे घालून फोटो काढतात. चार वर्षं तिच्या मुलाचा, फैरूझचा तो फोटो इपोहला, सासुरवाडीत निघत होता. नोरीताई त्यात नसायची. यंदा सून एझलीन म्हणाली होती, फोटो तुमच्याकडे काढू, रंग नारिंगी. कापडही पाठवलं होतं.

नोरीताईने त्यातला तुकडा रंगाच्या दुकानात नेला आणि मशीनवर हुबेहूब तोच रंग बनवून आणला. फोटोत सगळं जुळायला हवं, हा तिचा हिशोब. घोळदार कुर्ता स्वतः शिवला. गळ्याभोवतीची बारीक वीण तीनदा उसवून पुन्हा घातली.

ईदच्या सकाळी मोटार थांबली. मुलगा, सून आणि दोन्ही नाती गडद निळ्या कपड्यांत उतरली.

“नारिंगी सगळेच घालतायत, म्हणून बदललं,” एझलीन म्हणाली. “ग्रुपवर टाकलं होतं की, आई.”

“मी कुठाय ग्रुपवर?”

“अरे हो.” मग तिची नजर भिंतीवर गेली. “हे काय करून ठेवलंत? डोळे दुखतात.”

फैरूझने घड्याळ पाहिलं. जेवण इपोहला होतं, त्यामुळे तिने रांधलेल्या रेंडांगच्या, नारळाच्या दुधातल्या मटणाच्या, पातेल्याचं झाकणही उघडलं गेलं नाही. फोटो काढायला त्याने फोन माझ्या हातात दिला. नोरीताई कडेला उभी राहिली. कुर्ता, ओढणी आणि भिंत एकच झाली. चेहरा आणि दोन हात तेवढे वेगळे दिसत होते.

“आई, तू भिंतीत गेलीस की,” फैरूझ म्हणाला. सगळे हसले, तीही हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नोरीताईचा फोन साधा, म्हणून संध्याकाळी फोटो माझ्या फोनवर आला. सुनेने त्यातला नारिंगी रंग पांढरा करून टाकला होता. भिंत पांढरी झाली, आणि तिच्यासोबत कुर्ता आणि ओढणीही. चार निळ्या माणसांशेजारी नोरीताई डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात गुंडाळलेली उभी होती. खाली लिहिलं होतं, आता छान दिसतंय.

मी सुनेला फोन लावून चांगलं सुनावणार होते. नोरीताईने माझा हात धरला आणि फोटो छापून आण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तो चौकटीत घालून आणला. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिला.

“गळ्याची वीण दिसत नाही गं,” ती म्हणाली.

कफनाला वीण नसते, शिवणसुद्धा नसते. आमच्या गल्लीतल्या कितीतरी मेलेल्या बायकांना तिनेच न्हाऊ घालून गुंडाळलंय. तिला मी काय सांगणार? तिने खिळा मागितला. नारिंगी भिंतीच्या मधोमध मी तो ठोकून दिला.