तिसरी हाक

बसस्टँडवर माईकसमोर बसून गाड्या पुकारण्यात माझी हयात गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, हे मी झोपेतही न अडखळता सांगेन. पन्नाशी उलटेपर्यंत दवाखान्याची पायरी चढले ती दुसऱ्यांना भेटायला. आणि आता दुखणं आलं ते नेमकं गळ्याला. थायरॉइडची गाठ. काढावी लागेल म्हणाले.

सर्जन पोरगेलासा होता. आवाजाची नस गाठीला अगदी लागून जाते, हे त्याने मला कागदावर चित्र काढून दाखवलं. चित्र भिकार होतं. "आवाज थोडा बदलू शकतो, क्वचित जातोही," म्हणाला आणि लगेच हसला. "पण तुम्ही काळजी करू नका हं, मावशी." माझं पोट या आवाजावर, आणि हा शहाणा मला काळजी करू नका म्हणतो. मी नाही करायची तर कुणी करायची, त्याच्या खऱ्या मावशीने?

स्टँडवर बातमी फुटली तसा आमच्या साहेबांना माझा पुळका आला. समोरची खुर्ची दिली, चहा मागवला. मग म्हणाले, "बाई, जाण्याआधी सगळ्या गाड्या एकदा रेकॉर्ड करून ठेवा ना. तुमची आठवण राहील." जिवंत माणसाची आठवण! मी सगळे मार्ग, सगळे थांबे, गाडीला उशीर झाल्याची दिलगिरीसुद्धा बोलून दिली. साहेबांनी ऐकून पाहिलं आणि खूश झाले. "वा! आता तुम्ही अगदी निवांत बऱ्या व्हा." नाही झालात तरी आमचं अडत नाही, एवढं फक्त तोंडाने म्हणाले नाहीत.

घरी नणंद मुक्कामाला आली. मी दवाखान्यात वर्षभर बिऱ्हाड करणार असल्यासारखी तिने बॅग भरली, आणि माझ्याशी कुजबुजत बोलायला लागली.

"अगं, गाठ माझ्या गळ्यात आहे, तुझ्या नाही. नीट बोल की."

"वहिनी, तू बोलूच नकोस गं. आवाज जपून ठेव."

जपून ठेवायला तो काय ठेवणीतला कपडा आहे?

राहता राहिले आमचे हे. यांचं काम घड्याळदुरुस्तीचं. डोळ्याला भिंग लावून टेबलाशी बसले की जग बुडालं तरी यांना पत्ता नाही. लग्नापासूनची यांची रीत ठरलेली. पहिल्या हाकेला ओ नाही, दुसरीला नाही, तिसरीला मात्र मान वर करून, "काय गं, किती ओरडतेस!" साहेबांना पुळका आला, नणंदेला उमाळे आले, यांच्यात तसूभर फरक नाही. "दगड आहात, दगड," मी म्हटलं. संताप यायचा. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत घरात तेवढी एकच गोष्ट जागेवर होती, आणि मी काम नसतानाही त्यांना हाका मारत होते.

ऑपरेशनच्या सकाळी पोट रिकामं. अंगात मागे नाड्या असलेला झगा, त्यात पुढचं झाकावं तर मागचं उघडं. कानातलं काढलं, चष्मा काढला. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "आधी कधी ऑपरेशन झालंय?"

"नाही."

"या वयात पहिलंच? छान, छान!"

यात छान काय होतं ते त्यांनाच ठाऊक.

मला स्ट्रेचरवर आडवं करून ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी आणलं. चष्म्याशिवाय सगळं धूसर. हे कुठे दिसेनात. मी हाक मारली, "अहो..."

"ओ! आहे मी, इथेच आहे!"

पहिल्या हाकेला. सर्जनला, साहेबांना, नणंदेला इतके दिवस जमलं नव्हतं ते या माणसाने एका 'ओ'ने केलं. मी घाबरले. उद्या आवाजच नसला तर यांना बोलावणार कशी, एवढंच डोक्यात आलं आणि डोळे भरून आले.

"हे काय?" मी कडाडले. "लगेच ओ द्यायला मी काय मरायला टेकलेय? तिसऱ्या हाकेला यायचं!"

नर्स दचकली.

"अहो."

काही नाही.

"अहो!"

यांनी खिशातून ते भिंग काढलं आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. पुसून झालं तरी पुसतच राहिले.

"अहो, ऐकू येतंय का?"

"काय गं..." पुढचं त्यांच्या तोंडून निघेना. भिंग खिशात ठेवलं, पुन्हा काढलं. "किती ओरडतेस."

"ओरडणारच," मी म्हटलं. आणि नर्सला सांगितलं, "चला, न्या आता."