खिडकीकडची बाजू

लग्नानंतर सात वर्षांनी माया आणि सुगत यांचं दोघांचं असं घर झालं. ती अकोल्याच्या दवाखान्यात नर्स, तो अमरावतीकडे शाळेत मास्तर. सुट्टीला ती सासरी जायची, तेव्हा दोन खोल्यांच्या त्या घरात बायका आत आणि पुरुष बाहेर झोपायचे. यंदा त्याची बदली अकोल्याला झाली आणि दोघांनी भाड्यानं फ्लॅट घेतला. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो आला, आणि मायाला काहीच वाटेना.

दुपारी दुकानातली माणसं पलंग जोडून गेली.

"कोन्त्या बाजूनं झोपतं तू?" सुगतनं विचारलं.

पडद्यांचा रंग, कपाट, शेगडी, सगळ्यालाच ती मान डोलवत आली होती.

"कोन्तीबी चालते."

सुगत पलंगाच्या कडेला टेकला. म्हणाला, "मलेबी सकाळपासून काईच वाटून नाई राह्यलं. तुले सांगू का नको, तेच समजत नोतं."

हे ऐकून तिला हायसंही वाटलं नाही. ती फक्त पुढे झाली आणि खिडकीच्या बाजूनं आडवी झाली. गादीचं प्लास्टिक पाठीखाली करकरलं.

"ही बाजू माही," ती म्हणाली.

तो दुसरीकडे पडला. पंखा अजून बसायचा होता. उकडत होतं, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.