चार नंबरची टाइल

चार नंबरची टाइल उलटी लागली होती आणि मला ते बघवलं नाही. एवढंच झालं हो! पण तेवढ्यावरून माझ्या ताईच्या जिवावर बेतलं.

आधी टाइल म्हणजे काय ते सांगते. टेबलावर बोटाएवढे सैनिक मांडून लढाईचा खेळ खेळतात, त्यांच्या पायाखाली रस्ते लागतात, घरं लागतात. ती मी कॉम्प्युटरवर काढते, छापते, फोमच्या पुठ्ठ्यावर चिकटवते आणि कटरनं वीतभराचे चौकोन कापते. असे नऊ जोडले की एक वस्ती होते. फाइल खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर फुकट टाकते, ज्याला हवी त्यानं छापून घ्यावी. प्रत्येक टाइलमध्ये कुठेतरी एक मांजर लपवायचं, ही माझी जुनी खोड.

हा खेळ मला शिकवला भावोजींनी, ताईच्या नवऱ्यानं. त्यानं ताईचं मनगट पिरगाळून मोडलं, तेव्हापासून मी त्याला अहो-जाहो करणं सोडलंय. वीजमीटरचं रीडिंग घेणारा माणूस तो. गावातली एकूण एक गल्ली त्याच्या पायाखालची.

ताई प्लास्टरमधला हात घेऊन माझ्याकडे आली त्याला तीन महिने झाले. मी नुकतंच घर बदललं होतं, त्यामुळे पत्ता त्याला ठाऊक नव्हता. तरी ताई खिडकीचा पडदासुद्धा सरकवायची नाही. बेल वाजली की बाथरूममध्ये जाऊन कडी लावायची. आणि मी, तिची शहाणी बहीण, नवीन वस्ती काढायला काही सुचेना म्हणून आमचीच गल्ली काढून बसले! गोल पाण्याची टाकी, हिरव्या शटरची लाँड्री, लोखंडी जिन्यांची सहा घरं. खेळाच्या नादात गल्ली कोण ओळखायला बसलंय, असं वाटलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

परवा दुपारी जेवणं झाल्यावर ताई आत आडवी झाली होती. ग्रुपवर फोटो आला. पाठवणाऱ्यानं स्वतःचं नाव ‘पाहुणा’ ठेवलेलं. माझ्या नऊही टाइल छापून, कापून नीट जोडल्या होत्या. फक्त चार नंबरची उलटी! टाकी भलतीकडे, रस्ता सरळ भिंतीत घुसलेला. खाली लिहिलं होतं, ‘छान काम. पण काहीतरी चुकतंय बहुतेक.’

माझे हात शिवशिवायला लागले. विचार न करता लिहिलं, ‘चार नंबर फिरवा. टाकी डावीकडे आली की आमचा जिना बरोबर लाँड्रीसमोर येईल.’

पाठवलं, आणि मग फोटो मोठा करून बघितला. रस्त्यावर एकच सैनिक उभा होता. त्याच्या पायाखालची चकती लाल होती, कडेपर्यंत लाल. असा रंग देणारा मी एकच माणूस बघितलाय. “माझी माणसं रक्तात उभी असतात,” असं म्हणायचा, आणि मी मेली तेव्हा हसायचे.

उत्तर पुसून टाकलं, पण दहा मिनिटांत दुसरा फोटो आलाच. टाइल सरळ केलेली. सैनिक उचलून आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलेला. ‘आता बसलं. मांजरही सापडलं.’

पोलिसांना फोन लावला तर पत्तासुद्धा नीट सांगता येईना. “गाडी पाठवतो, दार उघडू नका,” एवढं त्यांनी सांगितलं. मग आत जाऊन ताईला हलवलं आणि मोबाइल तिच्या हातात दिला.

तिनं दोन्ही फोटो बघितले. माझं उत्तर काय होतं ते विचारलं. मी सांगितलं.

“त्यानं मुद्दाम उलटी लावली गं,” ती म्हणाली. “गल्ली त्यानं केव्हाच ओळखली असणार. कोणतं घर, तेवढंच हवं होतं त्याला. तुला चुकीचं काही बघवत नाही, हे काय त्याला माहीत नाही?”

“ताई, मला मार, पण अशी शांत बोलू नकोस!”

ती उठली. बॅग पलंगाखाली भरलेलीच होती, तीन महिने. ते मला माहीतच नव्हतं. मागच्या जिन्यानं उतरून लाँड्रीवाल्या काकूंच्या टेम्पोत बसायचं तिनं ठरवलं. काकूंना फोनही तिनंच केला.

“कुठे जाणार?” मी विचारलं.

तिनं प्लास्टर निघालेल्या हातानं माझा गाल धरला. हात अजून धड वळत नव्हता.

“तुला नाही सांगणार,” ती म्हणाली.

टेम्पो गेला. पोलीस येणार म्हणून मी मागे राहिले. मी पुढच्या दाराला कडी, साखळी, वर खुर्ची लावली. पोलिसांची गाडी काही येत नव्हती. मग लोखंडी जिना वाजायला लागला, एकेक पायरी, सावकाश. बाराव्या पायरीनंतर बेल.

“मेव्हणीबाई,” तो बाहेरून म्हणाला, “तुझी ताई कुठाय?”

“माहीत नाही.”

“तुझ्या पोटात कधी काही राहिलंय का? सांग.”

मी दाराला पाठ लावून खाली बसले होते. त्यानं दारावर लाथ मारली, खुर्ची हलली. मी रडत ओरडले, “अहो, खरंच माहीत नाही मला! तिनं मला सांगितलंच नाही!”

जिना पुन्हा वाजायला लागला, या वेळी खाली जाताना. माझ्यावर त्याचा विश्वास बसला होता.